त्याच्या मानानं हलकं

"मॅडम, हे पाणी नंतर कुणाचं?"

२०१६ चा एप्रिल. सकाळची शाळा होती. वर्गाच्या मधोमध पाण्यानं भरलेली बादली, भोवती पहिली ते चौथीची लेकरं गोल करून बसलेली, आणि माझ्या पिशवीत गंजके खिळे, बुचं, खोडरबर, पेनाची टोपणं, चिंचोके असा सगळा बाजार. तरंगणं-बुडणं शिकवायचं होतं. यातलं काय तरंगंल आणि काय बुडंल असं मी विचारणार होते, पण दुसरीतल्या एका पोरानं माझ्या आधी त्याचा प्रश्न टाकला आणि मला काही बोलताच येईना.

त्या वर्षी पाण्याची काय गत होती ते लातूरकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी, लोक स्टेशनवर बघायला गेले होते. मी तेव्हा लातुरात राहून अपडाऊन करायचे. माझ्या गल्लीत टँकरची वाट, शाळेच्या गावात बी टँकरचीच वाट. आमची लेकरं शाळेत यायच्या आधी घागर घेऊन रांगेत उभी राहून यायची, काहींचे केस तसेच, तोंडं कोरडीच पुसलेली. आणि त्यांच्यापुढं मी १५ लिटरची अख्खी बादली खेळायला मांडली होती. पाठाच्या नियोजनात साहित्य म्हणून "बादलीभर पाणी" एवढंच लिहिलेलं, ते लिहिताना हाताला काहीच जाणवलं नव्हतं.

मी म्हणलं, तुम्हीच सांगा, कुणाचं करायचं. मग जी काही बैठक बसली! एक जण म्हणला लिंबाच्या झाडाला घाला. एक जण म्हणली खिचडीची ताटं धुवायला ठेवा. तेवढ्यात चौथीतला एक पोरगा, ज्याच्या घरी म्हैस होती, त्यानं माझ्या पिशवीत वाकून बघितलं आणि म्हणला, "मॅडम, ते खिळे टाकू नका ना मंग. खिळे नाही टाकले तर माझ्या म्हशीला पाजता येतंय."

झालं. माझं सगळं साहित्य एका वाक्यात बाद. मग ठरलं की म्हशीला चालंल तेवढंच पाण्यात टाकायचं. लेकरं पळाली, खिचडी शिजवणाऱ्या ताईंकडून बटाटा, वांगं, हिरवी मिरची, मूठभर हरभरे आणले, कुणी कडब्याचं चिपाड, कुणी लिंबाची काडी, कुणी ज्वारीचे दाणे, आणि मी घरी न्यायला म्हणून सकाळी लातुरातून एक टरबूज घेतलं होतं, तीनेक किलोचं, ते बी पिशवीतून निघालं. एका पोरीनं बादली उचलून घमेल्यात ठेवायला लावली, सांडलेलं बी वाया जाऊ नये म्हणून. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

आता खरं सांगते, त्याच्या आधीची सहा वर्षं मी हाच पाठ घेत होते आणि दर वर्षी एकच चूक करत होते. वस्तू टाकायची, बुडाली की "बघा, बुडाली", आणि लगेच फळ्यावर मोठ्या अक्षरात घनता. लेकरं वहीत उतरून घ्यायची. दुसऱ्या दिवशी विचारलं घनता म्हणजे काय तर एका सुरात उत्तर, "जे बुडतं ते!" मला वाटायचं लेकरं कमी पडतात. लेकरं कमी पडत नव्हती, मीच त्यांना विचार करायला जागा ठेवत नव्हते, प्रश्न पूर्ण पडायच्या आत उत्तर हातात देत होते. त्या दिवशी म्हशीच्या पाण्यानं माझी घाई मोडली आणि पहिल्यांदा मी नुसती बसून राहिले.

खडूनं जमिनीवर दोन गोल काढले, एक बुडणारांचा, एक तरंगणारांचा. टाकायच्या आधी प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, तोलायची, आणि तिला तिच्या गोलात ठेवायचं. ह्यात अर्धा तास गेला आणि तोच अर्धा तास सगळ्यात मोलाचा होता असं मला आता वाटतं, कारण पाण्यात टाकलेली वस्तू तिचं काम एका सेकंदात करते, पण तिच्याबद्दल आपण काय म्हणतोय हे ठरवायला सात वर्षांच्या लेकराला वेळ लागतो, आणि एकदा त्यानं जीभ गुंतवली की मग तो डोळ्याची पापणी हलवत नाही. सगळ्यांचं एकमत झालं होतं की टरबूज बुडणार, सगळ्यात जड तेच. आणि हरभऱ्याचा दाणा तरंगणार, एवढासा तर हाय.

हरभरा टाकला. सरळ तळाला. कुणी बोललं नाही. मग म्हशीवाल्यानं दोन्ही हातांनी टरबूज उचललं आणि हळूच सोडलं. पाणी बादलीच्या काठावरून घमेल्यात सांडलं आणि टरबूज डुलत डुलत वर राहिलं. पहिलीतल्या एका पोरीनं त्याला बोटानं खाली दाबलं, सोडलं, ते परत वर. परत दाबलं, परत वर. "ते जातच नाही खाली," ती अशी म्हणली जसं काय टरबूज हट्ट करायलंय.

मी घनता शब्द काढलाच नाही. तीन दिवस काढला नाही. पाणी मात्र त्याच दिवशी दोघं पोरं कळशीत ओतून म्हशीकडं घेऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी "प्याली का?" ह्याच्यावरच परिपाठ संपला. तिसऱ्या दिवशी तिसरीतली एक पोरगी, जी वर्षभर वर्गात फारसं बोलत नव्हती, गणिताच्या तासाला मधेच उठली आणि म्हणली, "मॅडम, टरबूज जड हाय, पर त्याच्या मानानं हलकं हाय."

मी खडू खाली ठेवला.

वयाच्या मानानं उंच. पावसाच्या मानानं पीक बरं. पगाराच्या मानानं खर्च जास्त. हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, त्या पोरीच्या आजीनं तिच्यासमोर हजार वेळा वापरला असंल. जड असणं वेगळं आणि आकाराच्या मानानं जड असणं वेगळं. घनतेत दुसरं काय असतं? तेवढंच असतं. ते तिच्या घरातच पडलेलं होतं, चुलीपाशी, मी सहा वर्षं ते बाहेरून पुस्तकातून आणून तिच्यासारख्यांच्या डोक्यात कोंबत होते. पुढं सातवी-आठवीत तिला वस्तुमान भागिले आकारमान असं सूत्र मिळालं असंल तेव्हा तिला ते ओळखीचं वाटलं असंल अशी मला आशा आहे.

आमच्याकडं नुसतं "बहात्तर" म्हणलं की म्हातारी माणसं सावरून बसतात. बहात्तरचा दुष्काळ, दुष्काळी कामावर फोडलेली खडी, मदत म्हणून मिळालेली सुकडी, लाल मिलो ज्वारी, हे सगळं मी माझ्या आजीकडून ऐकलेलं. पुढं कधीतरी वाचनात आलं की त्याच १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आता नर्मदापुरम म्हणतात, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी १६ शाळांमध्ये सहावी ते आठवीच्या पोरांना पाठांतर बंद करून स्वतःच्या हातानं प्रयोग करायला लावले होते, आणि त्याच कामातून १९८२ ला एकलव्य संस्था उभी राहिली. ३० वर्षं चालला तो कार्यक्रम, २००२ ला बंद झाला. १९७८ मध्ये अरविंद गुप्ता नावाचे इंजिनिअर टेल्कोतल्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधल्या, नोकरीतून रजा घेऊन तिथं गेले, तिथल्या आठवडी बाजारात हिंडले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरं असं काय काय उभं केलं. पुढं त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली. मला पद्मश्रीपेक्षा तो आठवडी बाजार जास्त जवळचा वाटतो. आमच्या बाजारात व्हॉल्व्ह ट्यूब अजून मिळते, मी एकदा आणून दिली होती, पोरांनी त्रिकोण आणि चौकोन केले, त्रिकोण दाबला तर हलत नाही आणि चौकोन वाकडा होतो हे एकानं शोधलं, आणि सुट्टीत तो पोरगा कुणाच्या तरी घराच्या पत्र्याला आधार देणाऱ्या कैचीकडं बोट दाखवून ओरडत होता, "त्रिकोण, त्रिकोण!"

पण ते सगळं मोठ्या पोरांचं. पहिली-दुसरीच्या लेकराला काय जमतंय, आधी वाचता तर येऊ द्या, असं मला बरेच जण म्हणतात. त्यात चूक काही नाही. २०२१ पासून निपुण भारत हे सरकारी अभियान आहे, तिसरीपर्यंत लेकरू वाचलं पाहिजे, त्याला आकडेमोड आली पाहिजे, आणि आलीच पाहिजे, माझं बी तेच म्हणणं आहे. त्यात पहिली-दुसरीला परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तकच नाही, ते तिसरीपासून. मग दोन शिक्षक, चार वर्ग, तीस-एकतीस पट, वेळ कुठून आणायचा? पण मी बघितलंय की जे लेकरू पुस्तकातलं "माठ" वाचताना अडखळतं तेच लेकरू माठाबद्दल पाच मिनिटं न थांबता बोलतं, आणि बोललेलं फळ्यावर लिहिलं की ते वाचतं, कारण ते त्याचंच असतं.

माठाचं सांगते. एका उन्हाळ्यात शाळा सजवायची म्हणून आम्ही दोघा शिक्षकांनी हौसेनं भिंती रंगवल्या आणि उरलेल्या ऑइल पेंटनं पाण्याच्या दोन माठांपैकी एक निळा करून टाकला, वर पांढऱ्या अक्षरात "पाणी वाचवा". फार छान दिसायचा. आठ दिवसांत लेकरांनी त्या माठाचं पाणी प्यायचं सोडलं. सगळे दुसऱ्या, जुन्या, शेवाळलेल्या माठावर. मी रागावले, दोन्हीत एकाच टाकीचं पाणी भरलंय म्हणून. पहिलीतला एक म्हणला, "निळ्यातलं ऊन हाय."

हात घालून बघितलं तर खरंच, पाणी गरम. मग मी थर्मामीटर आणलं, रोज दुपारी ११ वाजता दोन्ही माठांचं तापमान तिसरी-चौथीची पोरं लिहायची, सहा-सात अंशांचा फरक यायचा. पण कारण काय? एकानं सांगितलं निळा रंग गरम असतो. ठीक आहे, एका गाडग्याला पाण्यात कालवलेली निळी पावडर फासून बघितली, ते गार राहिलं. एक म्हणली तो माठ दाराजवळ हाय. जागा बदलून बघितली, काही नाही. चार दिवस हे चाललं, आणि मला ओठावर आलेलं उत्तर गिळून गिळून जीव नकोसा झाला. पाचव्या दिवशी एका पोरीनं दोन्ही माठांच्या पोटाला गाल लावला. जुना ओला, निळा कोरडा. "ह्याला घामच येत नाही," ती म्हणली.

भाजलेल्या मातीला बारीक बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन वाळतं, आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, ऑइल पेंटनं आम्ही ती सगळी छिद्रं बुजवून टाकली होती. एवढं सांगायला मला एक मिनिट लागतं. पण घाम हा शब्द तिचा होता, आणि त्याच्यानंतर ती पोरं उन्हातून आली की पंख्याखाली हात पसरून उभी राहायची आणि एकमेकांना सांगायची, "माठ झालोय बघ." निळा माठ मग मी आणि माझ्या सहकारी सरांनी काचपेपरनं घासत बसून उघडा केला, पूर्ण निघाला नाही, "वाचवा" मधला "वा" शेवटपर्यंत राहिला.

मृगाच्या किड्यानं तर मलाच धडा दिला. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस पडून गेला की सकाळी वावराच्या बांधावर लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात, आमच्याकडं लेकरं काडेपेटीत घालून आणतात, आभाळातून पडतात म्हणतात. मी तेव्हा कीटकांचा पाठ सांगत होते, किड्याला सहा पाय असतात, मोजा. मोजले. "आठ हायेत." मी म्हणलं नीट मोज. त्यानं परत मोजले, आठ. मी शेजारच्याला मोजायला लावलं. आठ. मी म्हणलं पुढचे दोन पाय नसतील, मिशा असतील. तो काही बोलला नाही पण त्याचा चेहरा पडला, आणि मी विषय बदलला.

घरी येऊन शोधलं. पोरगं बरोबर होतं. आपण किडा म्हणतो पण तो कीटकच नाही, कोळ्याच्या, गोचिडाच्या गोतातला आहे, आठ पायांचा. पुढचे दोन पाय तो चाचपडायला वापरतो, म्हणून मिशांसारखे दिसतात, पण पायच ते. आणि आभाळातून पडत नाही, जमिनीत असतो, ओल झाली की वर येतो. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्यांसमोर सांगितलं की काल मी चूक होते आणि हा बरोबर होता. ती शाळा सोडून मला आता काही वर्षं झाली, पण त्या पोराचा तेव्हाचा चेहरा अजून तसाच आठवतो. नंतर तो दिसंल त्याचे पाय मोजायचा, मुंगी, झुरळ, कोळी, गोम. गोमीपाशी मात्र थकला.

विज्ञान दिनाबद्दल मला एक बोलायचंय. २८ फेब्रुवारी १९२८, रामन परिणामाचा शोध, म्हणून १९८७ पासून त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन. आता त्या दिवशी बहुतेक ठिकाणी काय होतं तर थर्माकोलचा ज्वालामुखी. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, फस्सकन फेस, टाळ्या. मोठ्या माणसांनी रात्री जागून केलेला, लेकरानं शेजारी उभं राहून पाठ केलेली चार वाक्यं म्हणायची. लेकराला त्यात हात लावायला काहीच उरत नाही, तेच मला खुपतं. आणि दुसरं म्हणजे, आपण मराठवाड्यातली माणसं उभीच ज्वालामुखीवर आहोत की! आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला आणि थिजलेला लाव्हा, त्याचीच झीज होऊन बरीचशी ही काळी माती झाली. तीच माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. मी एका मार्चमध्ये लेकरांना ज्वारी काढलेल्या रानात नेलं आणि तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, देऊन भेगेची खोली मोजायला लावली. तुराटी कोपरापर्यंत आत गेली. एक लेकरू भेगेला तोंड लावून आत हाक मारत होतं. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण घरी जाऊन प्रत्येकानं आपल्या बापाला विचारलं की आपल्या रानातली भेग किती खोल.

सावलीचं थोडक्यात. शाळेच्या पटांगणात मीटरभर काठी रोवून आम्ही दर तासाला तिच्या सावलीच्या टोकाला चुन्यानं खूण करायचो. लेकरांना वाटतं की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. मला बी पंचवीस वर्षांची होईपर्यंत तसंच वाटायचं. डिसेंबरच्या शेवटी लातूरला मीटरभर काठीची भर दुपारची सगळ्यात आखूड सावली ९० सेंटिमीटरच्या आसपास असते, मोजून बघा. खरोखर नाहीशी होते ती वर्षातून फक्त दोनदा, एकदा मे महिन्याच्या मध्याला आणि एकदा जुलैच्या अखेरीला, ते बी घड्याळात साधारण १२ वाजून २० ते ३० मिनिटांनी. मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत आभाळ. तरी एका मेमध्ये निरोप दिला तर अकरा लेकरं आली, त्या टळटळीत उन्हात, कुणी टॉवेल डोक्यावर, कुणी धाकट्या भावाला कडेवर घेऊन. काठी, लोटा, उभी केलेली खराट्याची मूठ, कशालाच सावली नाही. कडेवरचं पोरगं खाली उतरून स्वतःच्या पायाखाली बघायला लागलं आणि पाय उचलून उचलून नाचलं, सावली कुठं लपली ते बघायला.

आता सोयाबीनचं, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले.

२०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात कित्येक ठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या टायमाला पाऊस लागून बी भिजलेलं, त्यात आमच्या भागात हजारो तक्रारी, दुबार पेरण्या, शाळा तर तेव्हा कोरोनानं बंदच. २०२२ च्या जूनला शाळा उघडली तेव्हा मी नव्या शाळेवर होते आणि मला वाटलं बी उगवायचा पाठ कापसाच्या बोळ्यावर चार मूग ठेवून घेण्यापेक्षा सरळ घरच्या पेरणीच्या बियाण्यावर घ्यावा. कृषी खातं, परभणीचं कृषी विद्यापीठ कधीपासून सांगतंय की घरचं बी पेरायच्या आधी उगवण तपासा. लेकरांना म्हणलं, घरून सोयाबीन आणा, मोजून शंभर दाणे, निवडून चांगले चांगले आणू नका, पोत्यात हात घालून येतील ते.

नऊ घरांचं बी आलं. गोणपाटाचे तुकडे भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, वर दुसरा ओला तुकडा, गुंडाळी करून सावलीत. पहिलीवाल्यांचं काम दहाची ओळ मोजायचं, दुसरीवाल्यांचं दहा ओळींची बेरीज, म्हणजे बघा, निपुण बी तिथंच होत होतं. रोज पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी गुंडाळ्या उलगडल्या तर काहींना मोड, आणि एका पोरीला दिसलं की दाणा कसाबी पडलेला असू दे, मोड खालीच वळतोय. सातव्या दिवशी शेवटची मोजणी. फळ्यावर आकडे लिहिले. ८१, ७६, ७३, ८४, असे, आणि एक ५२. सत्तरच्या खाली असलं तर ते बी म्हणून धरत नाहीत.

५२ वाली पोरगी तिसरीतली. ती काही बोलली नाही, दप्तर घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिचा बाप मोटारसायकलवर शाळेत. पाऊस अजून पेरणीजोगा झाला नव्हता, आमच्या बाटलीच्या पर्जन्यमापकात तोवर जेमतेम ४१ मिलिमीटर जमलेला, आणि पेरायला ७५ ते १०० तरी पाहिजे, म्हणून सगळेच घरी अडकून चिडलेले. दारातूनच म्हणला, "कोण म्हणलं माझं बी खराब हाय म्हणून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. मुलीनं पुढं होऊन गुंडाळी उलगडली. तो खाली बसला, माझ्या वर्गातल्या सतरंजीवर, लेकरांच्या मधे, आणि एकेक दाणा बोटानं सरकवत मोजायला लागला. लेकरं त्याच्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागली. मोड फुटलेला, फुटलेला, नाही, नाही, फुटलेला. बावन्नच भरले. म्हणला परत घालू, मी स्वतः आणतो बी. दुपारी घेऊन आला, पोत्याच्या तळातनं काढलेलं, आणि गोणपाट भिजवण्यापासून ओळी लावण्यापर्यंत त्याच्या मुलीनं त्याला दाखवलं, "असं नाही बापू, दाण्याला दाणा लागू द्यायचा नाही."

सात दिवसांनी तो परत आला. मधल्या काळात पाऊस दोनदा हुलकावणी देऊन गेला होता. ह्या वेळेला त्यानं कुणाला मोजू दिलं नाही, एकट्यानं मोजलं. ४९. बराच वेळ तसाच बसून राहिला, मग उठून गाडीची चावी खिशातून काढली. पोरगी त्याच्याकडं बघत होती. मी विचारलं नाही आता काय करणार म्हणून, त्याचा हिशोब त्याच्या डोक्यात चालू होता, नव्या बॅगेचे पैसे, उधारी, पाऊस.

तेवढ्यात पहिलीतल्या एकानं न उगवलेले दाणे एका कागदावर गोळा केले होते, ५१, तो माझ्याकडं घेऊन आला. "मॅडम, हे मेल्यात का झोपल्यात?"

मी त्याला भिंग आणि टाचणी दिली. तो दारापाशी उजेडात पालथा पडला आणि एकेका दाण्यावर भिंग धरून बघायला लागला, दुसरा त्याच्यावर वाकला, तिसरा त्याच्यावर. काही वेळ आवाजच नाही. मग आतून कुठून तरी त्याचा आवाज आला, "ह्याच्या अंगाला चीर हाय. ह्याला बी. ह्याला बी हाय!"

मला दाणा दिसंना, नुसती डोकी दिसत होती. आणि त्या डोक्यांच्या वर, चावी हातात तशीच धरून, तिचा बाप वाकलेला.

"कुठंय?" तो म्हणला. "सरक जरा, मला बी दाव."